बसूच्या गालावरची तीट

शेंबूड या विषयावर दिवाळी अंकात कुणी लिहिल्याचं माझ्या पाहण्यात नाही. लोक परदेशवारीवर लिहितात, गाण्याच्या मैफलींवर लिहितात, हुबळीत राहून मराठी कशी टिकवली यावर तर दरवर्षी कुणीतरी लिहितंच. माझी नोकरी मात्र पोरांच्या नाकात गेली. संपादक म्हणाले, ‘‘बाई, तुमच्या कामाबद्दल लिहा.’’ आता मी दुसरं काय लिहिणार? ज्यांना नाक मुरडायचं असेल त्यांनी पान उलटावं, माझा राग नाही.

कोप्पीकर रोडच्या मागच्या गल्लीत तेव्हा मुलांचा एक छोटा धर्मादाय दवाखाना होता. आता तिथं तयार कपड्यांचं दुकान आहे. त्या दवाखान्याच्या लॅबमध्ये मी टेक्निशियन होते. रक्त, लघवी, थुंकी, जे येईल ते तपासायचं. आमचे मोठे डॉक्टर म्हणजे इनामदार सर. धारवाडचा माणूस, बोलणं कमी आणि सही वाचता न येण्यासारखी. नव्वदच्या दशकात कधीतरी त्यांनी पुण्याच्या एका प्रयोगशाळेशी बोलणी केली आणि माझ्या टेबलावर गुलाबी पाण्याच्या कुप्यांचा खोका आणून ठेवला. म्हणाले, ‘‘कांबळेबाई, आता तुम्ही नाकं बघायची.’’

आर.एस.व्ही. नावाचा एक विषाणू आहे. तुम्हाआम्हाला झाला तर दोन दिवस नाक गळतं, आपण आल्याचा चहा पितो आणि विसरतो. तीन-चार महिन्यांच्या बाळाला झाला तर तोच छातीत उतरतो. श्वासाच्या बारीक नळ्या सुजतात, चिकट पाण्यानं भरतात. प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडतो. बाळाला दूध ओढता येत नाही, कारण तेवढा दमच त्याच्यात नसतो. पावसाळा ओसरायला लागला की आमचा वॉर्ड अशा बाळांनी भरायचा, तो दिवाळीपर्यंत. एका खाटेवर दोन-दोन बाळं, खाली त्यांच्या आया. औषध नव्हतंच. ऑक्सिजन द्यायचा, सलाईन लावायचं आणि वाट पाहायची. बहुतेक बाळं बरी होत. जी होत नसत त्यांची नावं मला अजून पाठ आहेत.

माझं काम असं. एक मऊ बारीक नळी घ्यायची, बाळाच्या नाकपुडीपासून कानाच्या पाळीपर्यंत धरून बघायची आणि तिथं बोटानं खूण पकडायची. तेवढीच आत जाऊ द्यायची. मग दुसऱ्या बाजूनं पंपानं ओढायचं. पाव चमचाही निघत नाही. ते गुलाबी पाण्याच्या कुपीत घालायचं, कुपी बर्फाच्या डब्यात, डबा संध्याकाळच्या पुण्याच्या बसमध्ये ड्रायव्हरच्या पायाशी. हा विषाणू मोठा नाजूक. गरम झाला तर मरतो आणि साध्या फ्रीजरमध्ये गोठवला तरी मरतो. एकदा एका भल्या कंडक्टरनं बर्फ वितळतोय बघून वाटेतल्या हॉटेलच्या फ्रीजरमध्ये अख्खा डबा ठेवून घेतला. पुण्याहून निरोप आला, सगळं मेलेलं पोचलं. त्या कंडक्टरला मी रागवू शकले नाही, पण आठवड्याची मेहनत वाया गेली होती.

गिऱ्हाइकंही एकेक भेटायची. धारवाडचे एक वकील आजोबा नातवाच्या खाटेशी उभे राहून मला म्हणाले, ‘‘कर्नाटकातला शेंबूड महाराष्ट्रात कुठल्या कायद्यानं नेताय, ते आधी दाखवा की.’’ सीमाप्रश्नात आता एवढंच राहिलं होतं. मी म्हटलं, ‘‘अण्णा, तो आधी नाकाबाहेर तर येऊ दे.’’ ते हसले आणि सही करून मोकळे झाले.

आया मात्र हसत नसत. बाळाचा जीव वर-खाली होत असताना कुणीतरी त्याच्या नाकात नळी घालायला येतं, हे कुठल्या आईला आवडेल? ‘‘नोव माडब्याड्रि अक्का,’’ म्हणायच्या, दुखवू नका हो. वॉर्डात माझं नावच मूगिन अक्का पडलं होतं, म्हणजे नाकवाली अक्का. एकदा एका सासूबाईंनी सुनेच्या मांडीवरचं बाळ उचलून पाठीमागे घेतलं. म्हणाल्या, ही बाई अशी टक लावून बघते, हिचीच दृष्ट लागायची. मी त्यांच्याच पिशवीतली काजळाची डबी मागितली, उजव्या हाताचा हातमोजा काढला आणि बाळाच्या गालावर करंगळीनं ठसठशीत तीट लावली. कन्नडमध्ये दृष्टिबोट्टु म्हणतात. सासूबाई निवळल्या, बाळ पुढे केलं.

तेव्हापासून मी स्वतःची डबी ठेवायला लागले. ॲप्रनच्या खिशात पितळेची छोटी डबी, शेजारच्या आजीनं एरंडेलाच्या दिव्यावर धरलेलं काजळ. नमुना घेतला की हातमोजा काढायचा, कारण रबरावर काजळ धरत नाही, आणि गालावर ठिपका द्यायचा. रडणारं बाळ, नाकाडोळ्यांतून पाणी, त्यावर काळा ठिपका. आया माझी वाट बघू लागल्या. माझ्याइतके नमुने दुसऱ्या कुठल्या गावाहून येत नाहीत असं पुण्याच्या प्रयोगशाळेतल्या बाई फोनवर म्हणायच्या, तेव्हा माझी मान ताठ व्हायची.

आमच्या घरात हे असलं काही चालत नव्हतं. आमचं बौद्धांचं घर. वडील रेल्वे वर्कशॉपात. माझ्या धाकट्या भावाला आत्यानं तीट लावली होती तेव्हा ते म्हणाले होते, ‘‘पोराचं तोंड धुवून ठेवा, काळं कशाला फासता?’’ माझ्या मुलांना मी कधी लावली नाही. पण कामाच्या जागी ती लावताना मला लाज वाटत नव्हती. उलट गंमत वाटायची. माझं आडनाव ऐकल्यावर माझ्या हातचा पाण्याचा पेला नको म्हणणाऱ्या बायका माझ्या हातची तीट मात्र गाल पुढे करून लावून घेत. मी मनात म्हणायची, घ्या, लावून घ्या. हुशारी ती केवढी.

आता पुण्यात त्या शेंबडाचं काय करत, ते सांगते. विषाणूच्या पोटात एक लांबलचक मजकूर असतो, चारच अक्षरांत लिहिलेला. विषाणू वाढतो म्हणजे त्या मजकुराच्या नकला निघतात. नक्कल करताना कुठं कुठं अक्षर चुकतं. ती चूक पुढच्या नकलांत तशीच उतरते, तिच्यावर नवी चूक चढते. त्यामुळे विषाणू दिसायला एकच असला तरी त्याची घराणी पडतात. गदगकडून आलेल्या बाळात एक घराणं, बेळगावकडून आलेल्यात दुसरं. एका हंगामात आमच्या एवढ्याशा वॉर्डात चार-पाच घराणी नांदायची. लस करायची तर ही घराणी माहीत पाहिजेत, म्हणून हा सगळा खटाटोप. पुण्याच्या बाई मजकुराचा एक तुकडा वाचत आणि कुठलं बाळ कुठल्या फांदीवर, असा झाडासारखा नकाशा काढून आम्हाला पाठवत. मी तो लॅबच्या भिंतीला लावायची. ते झाड आपल्या हातचं आहे असं मला वाटायचं.

दोन हजार साल उलटून गेल्यावरचा एक हंगाम. त्या वर्षी पुण्याहून नवी सूचना आली की तुलनेसाठी खोकला नसलेल्या मुलांचेही थोडे नमुने पाठवा.

बसू पाच महिन्यांचा होता. त्याच्या हृदयात भोक होतं. बेंगळूरला शस्त्रक्रिया व्हायची होती, पण त्याआधी वजन वाढायला हवं म्हणून सरांनी त्याला ठेवून घेतलं होतं. बाप तारिहाळच्या एका फाउंड्रीत. आई गंगव्वा, वय विशीच्या आतबाहेर, नवलगुंदकडची. ती दिवसभर त्याला वाटी-चमच्यानं दूध पाजत बसायची. बाळ दोन चमचे पिऊन थकायचं, ती थांबायची, परत पाजायची. रोज सकाळी वजन व्हायचं आणि काटा जरासा हलला की ती मला लॅबच्या दारात येऊन सांगायची. शस्त्रक्रियेला लागणाऱ्या वजनाला थोडंच कमी राहिलं होतं.

मी नळी घेऊन गेले तेव्हा ती म्हणाली, ‘‘याला खोकला नाही की अक्का. मग नाकात कशाला?’’

मी म्हटलं, ‘‘तुझ्या बाळाचं चांगलं नाक बघितलं की दुसऱ्याचं वाईट नाक आम्हाला कळतं.’’

तिला ते पटलं असेल असं नाही. पण मी अक्का होते. आणि तिला तीट हवी होती. वॉर्डातल्या सगळ्यांच्या गालावर होती, तिच्याच बाळाला नव्हती. नमुना झाल्यावर तिनं स्वतःच त्याचा गाल वळवून धरला.

त्या सकाळी मी तीन मुलांचे नमुने घेतले होते. पहिली नवनगरची एक मुलगी, आदल्या दिवशीच खोकल्यानं बेजार होऊन आलेली, खिडकीजवळच्या खाटेवर. मग बसू, वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला. मग पाय भाजलेली एक वर्षाची मुलगी. बसूचं आणि तिचं नाक कोरडं, साफ. नळ्या तिन्ही वेगळ्या. नळीच्या बाबतीत मी कुणाच्या बापाचं ऐकत नसे.

सहाव्या दिवशी बसू शिंकला. सातव्या दिवशी त्याच्या बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला. मी परत नमुना घेतला, या वेळी कुणी विचारलं नाही कशाला म्हणून. भाजलेल्या मुलीलाही खोकला झाला, तिचाही घेतला. ती धडधाकट होती, चार दिवसांत उठून बसली. बसूच्या हृदयाला तेवढा जोर नव्हता. वाढवलेलं वजन तीन दिवसांत गेलं. दहाव्या दिवशी दुपारी, जेवणाच्या गाड्या फिरत असताना, तो गेला.

गंगव्वा रडली नाही. तिनं त्याला दुपट्यात गुंडाळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, ‘‘नान ओरसिद्न्रि अक्का.’’ मीच पुसली, अक्का. मला कळेना. मग ती सांगायला लागली. मी तीट लावली त्याच दुपारी बाळानं हातानं ती फासली, काजळ डोळ्यात गेलं, तो रडायला लागला, म्हणून तिनं पदरानं ती पुसून काढली. मला सांगायला तिला भीती वाटली. म्हणून त्याला दृष्ट लागली. मी लावलेली तशीच ठेवली असती तर तो राहिला असता.

मी तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, ‘‘तसं काही नसतं गं.’’ एवढंच म्हटलं. नवरा आला, ती गेली.

पुण्याचं पत्र पुढच्या उन्हाळ्यात आलं. बाईंचं पत्र नेहमी आधी ख्यालीखुशाली विचारणारं असायचं. हे तसं नव्हतं. लिहिलं होतं की आमच्या तीन नमुन्यांत एक नवंच घराणं सापडलं आहे. मजकुरातला एक तुकडा त्यात दोनदा लिहिलेला आहे, एखाद्यानं उतरवताना तीच ओळ परत उतरवावी तसा. बाहेरच्या देशांत असं आढळलं होतं, आमच्या वॉर्डात त्या हंगामात या तिघांखेरीज कुणातच नव्हतं. शिवाय तिन्ही मजकूर अक्षरन् अक्षर एक. तेव्हा एकाच मुलाचा नमुना चुकून तीन कुप्यांत गेला आहे काय, याचा कृपया खुलासा करावा.

माझं डोकं फिरलं. इतकी वर्षं एक कुपी इकडची तिकडे झाली नव्हती आणि मला खुलासा? मी माझी वही काढली. माझ्या वहीत बाळाचं नाव, आईचं नाव, खाट, तारीख, नमुना घेतल्याची वेळ, कुठल्या नाकपुडीतून घेतला तेसुद्धा असायचं. इंग्रजी माझं मोडकंतोडकं, पण तीन पानं लिहिली. ही तीन वेगळी मुलं आहेत. तिघांच्या खाटा वेगवेगळ्या आहेत. शेवटच्या दोघांचे पहिले नमुने साफ होते, त्याच्या नोंदी तुमच्याकडेच आहेत, म्हणजे ही दोघं घरून काही घेऊन आली नव्हती. त्यांच्या लगतच्या खाटांवरच्या मुलांत तुम्हीच दुसरी घराणी सांगितली आहेत. पहिले नमुने एकाच सकाळी, ओळीनं, मी स्वतः घेतले. खाली ठळक सही केली आणि सरांच्या सहीसाठी घेऊन गेले.

इनामदार सरांनी तिन्ही पानं वाचली. चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. मी मनात म्हटलं, वाचा की, एक चूक दाखवा.

‘‘कांबळेबाई,’’ सर म्हणाले, ‘‘तुमचं सगळं बरोबर आहे. बसा जरा.’’

मी उभीच राहिले.

‘‘तीन मुलं वेगळी, हे तुम्ही सिद्ध केलंय. मग विषाणू एक कसा?’’

मी मनात ती सकाळ परत लावून बघितली. खिडकीजवळची मुलगी, मग बसू, मग भाजलेली मुलगी. शेजारच्या खाटांना नाही. ओळीनं, माझ्या वहीच्या ओळीनं. माझा हात खिशात होता आणि खिशात डबी होती. शेंबडानं माखलेल्या गालावर टेकलेली करंगळी डबीत, डबीतून पुढच्या गालावर. बसूनं तेच हातानं डोळ्यात चोळलं. हा विषाणू डोळ्यातूनही आत जातो, हे मीच नवीन सिस्टरांना शिकवत असे.

सरांना डबी ठाऊक होती. सगळ्या दवाखान्याला होती. ते म्हणाले, ‘‘सिस्टरचे हात असतात, माझा स्टेथोस्कोप असतो. नक्की कुणी काही सांगू शकत नाही.’’

मी म्हटलं, ‘‘सर, तुमचा स्टेथोस्कोप तर सगळ्यांनाच लागला होता.’’

त्यांनी पत्रावर सही केली आणि मी ते टपालात टाकलं. न टाकण्याचा विचार माझ्या मनात आला होता, तोही इथं लिहून ठेवते.

डबी मी त्याच दिवशी फेकली. वॉर्डात दर दोन खाटांमागे हात धुवायचं भांडं आणि साबण आला, खोकल्याची बाळं वेगळ्या खोलीत गेली, एका मुलामागे हातमोज्यांची एक जोडी हा नियम मी भांडून करून घेतला. त्यानंतरच्या हंगामांत वॉर्डात येऊन लागण झालेली बाळं कमी झाली हे खरं. आया तीट मागत, मी नाही म्हणे, त्या नाराज होत, माझे नमुने निम्म्यावर आले. पुण्याच्या नव्या झाडात एका फांदीच्या टोकाला तीन क्रमांक एकाच रेघेवर होते. मधला बसूचा. ते झाड मी भिंतीला लावलं नाही.

गंगव्वाला सांगायचं होतं. पत्ता वहीत होताच. सरांना विचारलं तर म्हणाले, ‘‘सांगून तिला काय मिळणार? तुम्हाला हलकं वाटेल, तिला काय?’’ त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं मला माहीत होतं आणि त्यांना नव्हतं, कारण ‘मीच पुसली’ हे ती माझ्याजवळ बोलली होती.

दीड-दोन वर्षांनी एका रविवारी मी तारिहाळला गेले. कारखान्यांच्या मागे पत्र्याच्या खोल्यांची चाळ. गंगव्वानं लांबूनच ओळखलं, ‘‘बर्रि अक्का’’ म्हणून हात धरून आत नेलं. तिच्या कडेवर आठ-दहा महिन्यांची मुलगी होती, गुटगुटीत. तिच्या दोन्ही गालांवर, कपाळावर आणि तळपायांवर तीट होती, रुपयाएवढी एकेक. काजळ पापणीत उतरून एक डोळा लाल झालेला. मुलगी तो चोळत होती आणि आई तिचा हात धरून ठेवत होती.

मी म्हटलं, ‘‘अगं, डोळ्यात जातंय ते. पूस की.’’

‘‘ईग ओरसंगिल्रि अक्का,’’ ती म्हणाली. आता नाही पुसत. ‘‘एकदा चुकले, पुन्हा नाही. तुम्ही लावलेली मी पुसली आणि बाळ घालवलं.’’

तेव्हा बोलायचं होतं. गंगव्वा, तू पुसलीस ते बरोबर केलंस, लावली ती चूक माझी, एवढंच. कन्नड मला मराठीइतकीच येते. वाक्य मी बसमध्ये घोकत गेले होते. तिनं चहा आणला, बशीत दोन बिस्किटं ठेवली, मुलीला माझ्या मांडीवर दिलं. मुलीनं माझी करंगळी मुठीत धरली. मी चहा प्यायले. पदराचं टोक ओलं करून मुलीचा डोळा तेवढा पुसला, गालाला हात लावला नाही, आणि साडेचारच्या बसनं परत आले.

त्यानंतर मी गेले नाही. ती मुलगी आता कॉलेजात असेल. गंगव्वा कुठंतरी अजूनही समजत असेल की आपल्या पदरानं आपलं बाळ घालवलं. मी निवृत्त झाले तेव्हा दवाखान्यानं शाल दिली आणि भाषणात कुणीतरी म्हणालं की बाईंच्या वहीत कधी खाडाखोड सापडली नाही. ते खरं आहे.

हा लेख मी मराठीत लिहिला आहे. गंगव्वाला मराठी येत नाही, कन्नडही लिहिता-वाचता सहीपुरतीच येते. लिहायला बसले तेव्हा हे मला ठाऊक होतं.